‘पण तू मानतेस का?’

नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतले एक शिक्षक सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उभे राहत, पण हात जोडत नसत. आपल्या विवेकबुद्धीला ते पटत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. शाळेला ही बेशिस्त वाटली, वरच्या वेतनश्रेणीचा लाभ अडकला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१३ मध्ये निकाल लागला तो शिक्षकाच्या बाजूने. प्रार्थनेच्या वेळी हात जोडायची सक्ती म्हणजे मूलभूत हक्कावर गदा, असं न्यायालयाने ठरवलं. आधार होता राज्यघटनेच्या २८ व्या कलमाचा. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असं ते कलम सांगतं.

कलमाला एक छोटी पुस्ती आहे. ती व्यक्ती अज्ञान, म्हणजे वयाने लहान असेल तर संमती पालकांची. शिक्षकाने आपल्या हातांचं काय करायचं ते शिक्षक ठरवणार. समोर रांगेत उभ्या असलेल्या सातवीतल्या मुलीच्या हातांचं काय करायचं ते तिचे आईवडील. कायद्याला एवढी वाटणी पुरते. पण एखादी मुलगी रोज अशा सरांकडे बघत असेल, तर ती एक दिवस घरी येऊन विचारणारच, ‘सर हात का नाही जोडत? देव नसतो का?’

बहुतेक घरांत याला दोनच उत्तरं ठरलेली असतात. ‘असं बोलू नये, पाप लागतं’ हे एक. ‘नसतोच, सगळं थोतांड आहे’ हे दुसरं. पहिलं जास्त ऐकू येतं, दुसरं कमी, पण दोन्हींचं काम एकच, विषय तिथेच मिटवणं. मुलीला विषय मिटवायचा नव्हता, तिला कळून घ्यायचं होतं.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्कांचा करार केला आणि १९९२ मध्ये भारतानेही तो स्वीकारला. त्याचं १४ वं कलम विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य मुलांनाही देतं. आईवडिलांनी वाट दाखवायची, मात्र मुलाच्या वाढत्या समजेला धरून, असं त्यात आहे. सगळी मेख या वाढत्या समजेत आहे. चार वर्षांचं मूल आणि चौदा वर्षांचं मूल एकाच शब्दांत एकच प्रश्न विचारत असलं, तरी दोघांना हवं असतं ते वेगळंच.

लहान मुलांच्या डोक्यात जग कसं मांडलेलं असतं, याचा शोध स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजेने १९२० च्या दशकात सुरू केला. सूर्य कुणी केला, नदी कुठून आली, असं तो मुलांना विचारी. लहान मुलं सांगत की ही सगळी माणसांनी किंवा कुणीतरी ‘बनवली’. अमेरिकेतल्या डेबोरा केलेमन यांनी १९९९ मध्ये याच धाग्याला पुढे नेलं. खडक टोकदार का असतो, या प्रश्नावर सात-आठ वर्षांच्या मुलांना ‘हळूहळू माती-रेतीचे थर साचून’ यापेक्षा ‘प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून’ असं उत्तर जास्त पटलं. प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी असते, असं मुलांना वाटतं. आणि मोठ्यांनाही. पुढे याच बाईंच्या प्रयोगात घाईघाईने उत्तरं द्यायला लावल्यावर भौतिक विज्ञानांतले शास्त्रज्ञसुद्धा असल्या उत्तरांना जास्त होकार देऊ लागले.

म्हणून गोदाकाठावर उभं राहून पोर विचारतं, ‘गंगा कशाला वाहते?’ (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी सांगायला हवं.) आजी सांगते, लोकांची पापं धुवायला. बाबा सांगतात, ब्रह्मगिरीवर पाऊस पडतो आणि पाणी उताराकडे जातं. मुलाला आजीचं उत्तर लगेच पटतं, कारण त्याने ‘कशाला’ विचारलं होतं आणि बाबांनी ‘कसं’ सांगितलं. इथे बाबांनी चिडायचं कारण नाही. ‘पाण्याला कशाला असं काही नसतं, त्याला फक्त उतार असतो,’ हे वाक्य मुलाच्या पचनी पडायला काही वर्षं लागतात. ते अधूनमधून कानावर पडत राहिलं की पुरे.

आणखी एक प्रयोग इथे कामाचा आहे. २००१ मध्ये जस्टिन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी मुलांना बिस्किटांचा डबा दाखवला. उघडला तर आत खडे. मग विचारलं, ‘आईने हा बंद डबा पाहिला तर तिला आत काय वाटेल?’ तीन वर्षांची मुलं म्हणाली, खडे. त्यांच्या लेखी आईला सगळंच ठाऊक असतं. पाच-सहा वर्षांची मुलं म्हणाली, आईला बिस्किटं वाटतील, पण देवाला खडे आहेत हे कळेल. आईचं सर्वज्ञपण गेलं, देवाचं उरलं. ‘बाप्पा बघतोय हं’ हे वाक्य याच वयात सर्वांत जोरात लागू पडतं. आणि माझ्या मते याच वयात ते सर्वांत कमी वापरावं, कारण ऐकणाऱ्याकडे त्याविरुद्ध काहीच नसतं.

तिसरी गोष्ट मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस यांच्या अभ्यासातली. मुलांना जंतू दिसत नाहीत, देवही दिसत नाही. दोन्ही मोठ्यांच्या सांगण्यावरूनच त्यांना कळतात. तरी मुलं दोन्ही मानत असताना जंतूंबद्दल जरा जास्त ठाम असतात. का? हॅरिस यांचा एक तर्क असा की मोठी माणसं जंतूंबद्दल बोलताना ‘माझा जंतूंवर विश्वास आहे’ असं कधी म्हणत नाहीत. ती सरळ म्हणतात, हात धू. देवाबद्दल मात्र विश्वास, श्रद्धा, मानणं असे शब्द येतात, आणि इथे काहीतरी वेगळं आहे, हे मुलाच्या कानाला कळतं. आपण काय सांगतो याइतकंच कसं सांगतो तेही मुलं टिपत असतात. म्हणून ‘देव आहे का?’ या प्रश्नाच्या मागोमाग बहुधा दुसरा येतो: ‘पण तू मानतेस का?’ खरा प्रश्न तो. त्याचं उत्तर देण्यासाठी ग्रंथ लागत नाहीत, आणि तेच टाळलं जातं.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की मुलाला देवाबद्दलचं वाक्य द्यायचं ते त्याच्या मालकासकट द्यावं. ‘मी मानते.’ ‘बाबा मानत नाहीत.’ ‘आजी मानते, आणि तिला त्याने बरं वाटतं.’ ‘शेजारचे काका वेगळं मानतात.’ ही चारही वाक्यं खरी आहेत आणि मुलाला तपासता येण्यासारखी आहेत. ‘देव आहे’ आणि ‘देव नाही’ ही दोन वाक्यं पाच वर्षांच्या मुलाला तपासता येत नाहीत. त्यांच्यापुढे ते फक्त मान डोलवू शकतं.

अशी वाक्यं शिकायला नाशिकइतकं सोयीचं गाव कमी असेल. रामकुंडाशी उभं राहिलं की कपालेश्वराचं देऊळ समोर. महादेवापुढे नंदी नसलेलं हे देऊळ. मुलं पहिला प्रश्न तोच विचारतात. कथा अशी की ब्रह्मदेवाचं पाचवं मस्तक तोडल्याचं पाप महादेवाला लागलं आणि ते कुठे फिटेल हे त्याला एका वासराने, म्हणजे नंदीने, दाखवलं; मग जो गुरू झाला त्याला समोर पायाशी कसं बसवायचं? ही गोष्ट सांगायला श्रद्धा लागत नाही. देवाकडून चूक होते, वासराला त्याच्याहून जास्त कळतं, हे ऐकताना मूल खूश होतं. नास्तिक घरांत पुराणकथा वर्ज्य करतात, ते मला कधीच समजलेलं नाही. मुलाला ‘लोक असं सांगतात’ एवढं म्हणून गोष्ट सांगितली की झालं. उलट भाविक घरांत ही गोष्ट इतिहास म्हणून सांगतात, तेव्हा दहाव्या वर्षी येणाऱ्या प्रश्नाची तयारी नसते.

रामकुंडावर दुसरी एक अवघड गोष्ट रोज घडते. लांबलांबून लोक अस्थी घेऊन येतात, दहाव्याचे विधी होतात, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत माणसं ताटकळतात. सुट्टीत मामाकडे आलेलं मूल हे बघतं. घरात आजोबा गेले असतील तर ते त्या गर्दीतच असतं. देवाबद्दलचा सर्वांत गंभीर संवाद बहुतेक घरांत मृत्यूपाशी सुरू होतो आणि आपण तिथेच सर्वांत कच्चे असतो. ‘देवाघरी गेले’, ‘तारा झाले’, ‘झोपले’ ही आपली तयार उत्तरं.

मृत्यूची समज मुलांना तुकड्यातुकड्याने येते. मेलेलं परत येत नाही. शरीराची सगळी कामं थांबतात. आणि हे प्रत्येकाचं होणार. साधारण पाच ते सात या वयात बहुतेकांना हे तिन्ही कळायला लागतं. त्याआधी ‘झोपले’ म्हटलं तर मुलाला रात्री झोपायची भीती वाटू शकते. ‘देवाला आवडले म्हणून नेलं’ म्हटलं तर आवडण्याचीच भीती वाटते, आणि देव म्हणजे माणसं उचलून नेणारा कुणीतरी होतो. गंमत अशी की हे वाक्य बोलणारी माणसं भाविक असतात; देवाची एवढी बदनामी नास्तिक करत नाहीत.

घर भाविक असो की नसो, आधी शरीराचं सांगावं: आजोबांचं हृदय थांबलं, ते आता जेवत नाहीत, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत. मग ज्याची जी श्रद्धा असेल ती त्याने आपल्या नावाने सांगावी: ‘मला वाटतं त्यांचा आत्मा कुठेतरी आहे,’ किंवा ‘मला वाटतं ते आता आपल्या आठवणींत आहेत, बाकी कुठे नाहीत.’ दोन्ही ऐकून मूल गोंधळेल, ही भीती फार खरी नाही. पॉल हॅरिस आणि मार्ता हिमेनेस यांनी माद्रिदमधल्या सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना आजी-आजोबांच्या मृत्यूच्या दोन गोष्टी सांगितल्या. एकीत डॉक्टर बोलतो, दुसरीत धर्मगुरू. डॉक्टरची गोष्ट ऐकल्यावर मुलं जास्त करून म्हणाली, सगळं थांबलं. धर्मगुरूची ऐकल्यावर बरीच मुलं म्हणू लागली, मन, विचार, प्रेम चालू राहतं. आणि असं दोन्हीकडे चालणं लहानांपेक्षा मोठ्या मुलांत जास्त दिसलं. म्हणजे समज वाढली की एक उत्तर दुसऱ्याला हाकलून देतंच असं नाही. मोठ्या माणसांचं तरी वेगळं काय असतं? अस्थिविसर्जन करून आलेला मुलगा त्याच दुपारी मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज करतो.

मग गणपती येतात. अनंत चतुर्दशीला नाशिकच्या घाटांवर वर्षानुवर्षं कार्यकर्ते ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत मूर्ती दान करायचं आवाहन करतात. नदी स्वच्छ राहावी, प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर तळाशी बसू नये, म्हणून. या चार शब्दांनी मुलांना मात्र कोड्यात टाकलं आहे. देव दिला, मग देवपण कुठे गेलं? दहा दिवस ज्याच्यापुढे जोरात आरती म्हटली तो आता टेबलावर रांगेत का ठेवलाय? इथे भाविक माणसाकडेच उत्तम उत्तर आहे आणि तो ते सांगत नाही. मूर्ती आणली की प्राणप्रतिष्ठा करतात, उठवताना उत्तरपूजा करतात. त्या दोन विधींच्या मधल्या दिवसांतच ती देव, बाकी वेळ माती. परंपरा स्वतःच सांगते की देवपण आपण बोलावतो आणि आपणच निरोप देतो. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा. तो पुढचा प्रश्न विचारेलच, की मग आपण बोलावलंच नाही तर? तो प्रश्न आला की समजावं, संवाद बरा चालला आहे.

गाडगेबाबांची नाशिकमध्ये धर्मशाळा आहे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती असे. देव कुठे राहतो, नवस कुणाचा पुरतो, असं विचारत विचारत ते उत्तर समोरच्या खेडुतांच्याच तोंडून काढून घेत. घरी ही रीत वापरायला हरकत नाही, फक्त एक पथ्य पाळावं. ‘तुला काय वाटतं?’ हे वाक्य पळवाट म्हणून वापरू नये. मुलाने आपलं सांगितल्यावर ‘आता तू सांग’ म्हटलं, तर आपल्याला सांगता आलं पाहिजे. ‘मला खात्री नाही, माझं मन दोन्हीकडे जातं’ हेही उत्तर आहे, आणि बऱ्याच आईवडिलांचं तेच खरं उत्तर असतं.

गंगाघाटावरून चार पावलं वर चढलं की काळाराम मंदिर. इथे मुलांना घेऊन येणारे पालक मूर्ती दाखवतात, काळा दगड दाखवतात आणि निघतात. २ मार्च १९३० ला याच मंदिरात जाता यावं म्हणून हजारो अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू केला. दरवाजे बंद करण्यात आले. लढा पाच वर्षं चालला. पुढे कुसुमाग्रज म्हणून ओळखले गेलेले विष्णु वामन शिरवाडकर तेव्हा विशीतले होते. तेही या सत्याग्रहात उतरले. मंदिर उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

हे मुलांना सांगताना एक गोष्ट सुटते. बाबासाहेबांनी १९३४ मध्ये गायकवाडांना पत्रात स्पष्ट केलं होतं की हा लढा आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून नव्हता. आपल्या स्थितीची जाण आणि बळ यावं म्हणून होता. म्हणजे देवळाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांची मागणी ‘देव द्या’ अशी नव्हतीच. पुढे १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, आणि नाशिकच्या हजारो घरांत देव नसणं हाच धर्माचा भाग झाला. सिडकोतल्या किंवा नाशिकरोडच्या एखाद्या वर्गात शेजारी बसणारी दोन मुलं असतात. एकाच्या घरी सकाळी रामरक्षा, दुसऱ्याच्या घरी त्रिसरण. पहिलं विचारतं, ‘तुमचा देव कोण?’ दुसरं म्हणतं, ‘बुद्ध देव नाहीत.’ ‘मग फोटोला हार का घालता?’ या एका प्रश्नावर मोठ्यांची परिषद भरवावी लागेल, पण मुलं ती मधल्या सुट्टीतच मिटवतात. म्हसरूळच्या गजपंथावर जाणारं जैन कुटुंब याच शहरात आहे. त्यांच्या तत्त्वज्ञानात जग निर्माण करणारा ईश्वर नाही, तरी पूजा आहे. ‘आस्तिक म्हणजे चांगला, नास्तिक म्हणजे बिघडलेला’ हे शाळेत ऐकलेलं समीकरण या तीन घरांपुढेच टिकत नाही.

पांडवलेण्यांवरही एक धडा दगडात कोरून ठेवला आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने साधारण १,९०० वर्षांपूर्वी तिथल्या लेण्यातल्या शिलालेखात आपली दानं नोंदवली. त्यात ब्राह्मणांना दिलेल्या गाई आणि गावं आहेत, आणि भिक्षुसंघाला दिलेलं लेणंही आहे. एकाच माणसाची ही दोन्ही दानं, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटलेलं दिसत नाही.

पालकांची सर्वांत मोठी भीती यापुढची आहे. देवाचा धाक काढला तर मूल चांगलं वागेल कशाला? अमेरिकेत लॅरी नुची आणि इलियट टुरिएल यांनी आमिश आणि मेनोनाइट ख्रिस्ती, तसेच सनातनी ज्यू घरांतल्या मुलांना विचारलं, देवाने रविवारी किंवा शब्बाथला काम करायची मुभा दिली तर चालेल का? मुलं म्हणाली, चालेल. देवाने चोरी करा सांगितलं तर? बहुतेक म्हणाली, तरीही चूकच. इतक्या कर्मठ घरांतही मुलांनी नीती देवाच्या हुकमावर टांगलेली नव्हती. दुसऱ्याचं नुकसान होतं, हे त्यांना कारण म्हणून पुरेसं होतं. आपल्याकडे चित्र जरा गुंतागुंतीचं आहे. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भुवनेश्वरच्या अभ्यासात, वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापून कोंबडी खाणं हे लोकांनी सर्वांत गंभीर पापांत धरलं. रीत आणि नीती यांच्यातली भिंत आपल्याकडे पातळ आहे. म्हणून ‘हे चूक का?’ असं मुलाने विचारलं की आधी आपणच ठरवावं, यात कुणाला दुखतं, की फक्त आपली रीत मोडते.

उलट बाजूने नास्तिकांनीही फार हुरळू नये. २०१५ मध्ये एक अभ्यास जगभर गाजला: धार्मिक घरांतली मुलं कमी उदार असतात म्हणे. सहा देशांतली मुलं, मोठं नियतकालिक, वर्तमानपत्रांत मथळे. पुढे निघालं की देशांना दिलेले सांकेतिक आकडे गणितात खऱ्या मोजमापासारखे वापरले गेले होते. चूक सुधारल्यावर निष्कर्ष उरला नाही, आणि २०१९ मध्ये लेख मागे घेण्यात आला. मथळे मात्र अजून फिरतात.

देवाचं नाव घेऊन मुलाला घाबरवता येतं, तसं त्याला मोठंही करता येतं. याचं मराठीतलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं गेलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये तिथे काही दिवसांत लिहून काढलं. त्यातली आई व्रतवैकल्यं करणारी आहे. पण वाटेत थकलेल्या महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून दे, असं ती श्यामला सांगते, तेव्हा तिच्या बोलण्यातला देव शिवाशिव मोडायला बळ देणारा असतो. त्याच देवाच्या नावाने त्या काळी काळारामाचे दरवाजे बंद होते.

आता घरातल्या भांडणाकडे येऊ. आजी संध्याकाळी दिवा लावून ‘शुभं करोति’ म्हणायला बोलावते, मुलीचे बाबा टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत, आई स्वयंपाकघरातून दोघांकडे बघते. असं घर नाशिकमध्ये दुर्मीळ नाही. इथे जोतीराव फुल्यांची आठवण काढावी. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. बाई बुद्धाचा ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि चौघं एका घरात एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहतात. १३० वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याला आपल्या दोन मतांच्या घराचं काही विशेष वाटलं नसतं.

डॉ. श्रीराम लागू जाहीरपणे देवाला निवृत्त करा म्हणत. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच व्यासपीठावरून सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. दोघे एकत्र गावोगाव बोलत हिंडले आणि मतभेद लपवला नाही. मुलांसमोर वाद घालू नका, असं सांगितलं जातं. मी म्हणेन, असा वाद मुलांसमोर जरूर घालावा. आईबाबांचं देवाबद्दल पटत नाही आणि तरी रात्री एकत्र जेवण होतं, हे पाहिलेल्या मुलाला पुढे वर्गात वेगळं मत ऐकून धक्का बसत नाही. फक्त मुलाला निरोप्या करू नये. ‘जा, आजीला सांग, मी नाही हात जोडणार’ हे वाक्य मुलाच्या तोंडी घालणारा बाप आणि ‘बाबांना पाप लागेल, तू तरी कर’ म्हणणारी आजी, दोघांनी आपलं भांडण स्वतः करावं.

एका जागी मात्र ‘ज्याचं त्याचं मत’ ही भाषा बंद व्हायला हवी. साप चावला तर मांत्रिक नाही, दवाखाना. अंगात आलेली बाई सांगते म्हणून कुणाला चेटकीण म्हणायचं नाही. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात सर्पदंशावर उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे, आणि प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन यांना स्पष्ट सूट आहे. कायद्याने देव आहे की नाही, यात नाक खुपसलं नाही. त्याने फक्त इजा आणि फसवणूक बाजूला काढली. मुलांशी बोलताना हीच रेघ वापरावी, कारण ती सहा वर्षांच्या मुलालाही दाखवता येते.

पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. त्या काळात घरात कितीही ठरवलं तरी हा विषय टाळता येणार नाही. लाखो माणसं येतील, आखाडे येतील, रस्ते बंद होतील, शाळांना सुट्ट्या मिळतील. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, हे सांगताना मुलाला साध्या दुर्बिणीतून गुरू आणि त्याचे चार चंद्र दाखवावेत. गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची असते, बरोबर बाराची नाही, म्हणून कुंभमेळा एखादे वेळी अकरा वर्षांनीच येतो, जसा हरिद्वारला २०२१ मध्ये आला. शैव आखाडे त्र्यंबकला आणि वैष्णव नाशिकला का स्नान करतात, हेही सांगावं. आधी कोणी न्हायचं यावरून मारामाऱ्या झाल्या आणि पेशव्यांना जागा वाटून द्याव्या लागल्या. देव नक्की आहे याबद्दल दोन्ही बाजूंना शंका नव्हती, तरी रक्त सांडलं, हे चौदा वर्षांच्या मुलाच्या बरोबर लक्षात येतं.

आणि हेच चौदा वर्षांचं मूल ऐन सत्यनारायणाच्या दिवशी जाहीर करतं की मी देव मानत नाही, मी पूजेला बसणार नाही. पाहुणे यायचे असतात, शिऱ्याला रवा भाजत असतो. त्याला ओढून पाटावर बसवू नये. आणि ‘वा, शाबास’ म्हणून पाहुण्यांसमोर मिरवूही नये. केरळमध्ये १९८५ मध्ये तीन ख्रिस्ती भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. गीत चालू असताना ती नेहमी आदराने उभी राहत, फक्त ओठ हलवत नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. घरातही एवढी जागा ठेवता येते: आरतीला उभं राहा, हात जोडू नकोस, चेष्टा करू नकोस, आल्यागेल्याला पाणी दे, चपला नीट लाव, प्रसाद वाट. आजी विचारेलच, हा का बसला नाही. त्याचं उत्तर आईने देऊ नये, त्यालाच देऊ द्यावं, आणि आजीने त्यावर जे म्हणायचं ते तिलाही म्हणू द्यावं.